सार्स आटोपला, मर्स अडकला, कोविड पसरला: असं का?

प्रश्न थोडक्यात असा: सार्स, मर्स आणि कोविड हे तिन्ही कोरोना विषाणूंचेच आजार. सार्स २००३ च्या जुलैत आटोपला. मर्स २०१२ पासून आहे, पण सौदी अरेबिया आणि आसपास घुटमळतोय. कोविड मात्र दोन-तीन महिन्यांत जगभर गेला. एकाच घराण्यातल्या विषाणूंमध्ये एवढा फरक का? आणि ‘वटवाघळांत नवा कोरोना सापडला’ अशा बातम्या येतात त्या किती मनावर घ्यायच्या?

मी सूक्ष्मजीवशास्त्रातला डॉक्टर, त्यामुळे पेशंटच्या आधी त्याचा स्वॅब मला भेटतो. उत्तरही स्वॅबच्या बाजूनेच देणार आहे. पण त्याआधी दोन प्रचलित उत्तरं बाजूला काढू.

पहिलं उत्तर व्हॉट्सॲपवर असतंच, काही डॉक्टरांच्या तोंडीही ऐकू येतं. सार्स-मर्स फार मारक, पेशंटच जातो, मग पसरवणार कोण? कोविड सौम्य, म्हणून पसरला. ऐकायला पटतं, पण हिशोब जुळत नाही. सार्सचे जगभरात नोंदलेले रुग्ण ८,०९६ आणि मृत्यू ७७४. म्हणजे शंभरातले नव्वद जण वाचले, आणि जे गेले तेही बहुतेक आजाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात किंवा त्यानंतर. तोवर दुसऱ्याला लागण द्यायला विषाणूला भरपूर वेळ होता. उलट २०२१ चा डेल्टा आधीच्या कोविडपेक्षा जास्त पसरत होता आणि आजारही जास्त गंभीर करत होता. मारक तो कमी पसरतो, असा निसर्गाचा काही कायदा नाही.

दुसरं उत्तर म्हणजे कोविडचा विषाणू जास्त चिवट आहे, हवेत आणि वस्तूंवर जास्त टिकतो. हे तपासून झालंय. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सार्स आणि कोविडचे विषाणू शेजारी-शेजारी ठेवून मोजले. दोघेही हवेतल्या सूक्ष्म थेंबांत सारखेच टिकले, साधारण तासाभरात निम्मे होत गेले. प्लास्टिक आणि स्टीलवरही फारसा फरक नव्हता. तेव्हा भाजीच्या पिशव्या धुण्यात आपण सगळ्यांनी घालवलेले ते तास... जाऊ द्या.

आता खरं कोडं. नवखी लोकसंख्या असताना एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो हा आकडा साथींच्या अभ्यासात पहिल्यांदा काढतात. सार्ससाठी तो साधारण २ ते ३ निघाला होता. वुहानच्या मूळ कोविडसाठीही २ ते ३ च. सरासरी सारखी, हवेत टिकणं सारखं, पेशीत शिरण्याचं दारही एकच. तरी एक साथ थांबली आणि दुसरी थांबली नाही. माझ्या मते याचं सगळ्यात मोठं कारण वेळेत आहे: माणूस आजारी कधी पडतो आणि तो दुसऱ्याला लागण कधी देऊ लागतो, या दोन घटनांमधलं अंतर.

सार्सच्या पेशंटचा नाका-घशातला नमुना पहिल्या तीन-चार दिवसांत घेतला, तर हाँगकाँगच्या डॉक्टरांना तो फक्त ३२ टक्के वेळा पॉझिटिव्ह मिळत होता. चौदाव्या दिवशी घेतला तर ६८ टक्के. विषाणूचं प्रमाण दहाव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त. निदान करणाऱ्या लॅबला हे डोकेदुखीचं, कारण पेशंट तापाने फणफणलाय आणि रिपोर्ट निगेटिव्ह. साथ रोखणाऱ्यांना मात्र याच्याइतकी सोयीची गोष्ट नाही. माणूस खरा संसर्गजन्य होतो तोवर तो अंथरुणाला खिळलेला असतो. त्याला शोधावं लागत नाही, तो आपणहून दवाखान्यात येतो.

याचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलातला. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगमध्ये न्यूमोनियाचे रुग्ण तपासणारे एक डॉक्टर २१ फेब्रुवारी २००३ ला तिथे नवव्या मजल्यावर एक रात्र राहिले. तिथून लागण झालेले पाहुणे व्हिएतनाम, सिंगापूर आणि कॅनडात गेले, आणि तिथल्या साथी त्यांच्यापासून सुरू झाल्या. ही गोष्ट सांगताना एक तपशील बहुधा सुटतो. त्या डॉक्टरांना लक्षणं सुरू झाली होती १५ फेब्रुवारीला. म्हणजे हॉटेलात आले तेव्हा आजाराचा सहावा-सातवा दिवस होता, आणि दुसऱ्याच दिवशी ते हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. सार्स असाच पसरला: बऱ्यापैकी आजारी माणसाकडून, आणि त्यामुळे मुख्यतः हॉस्पिटलांत. नोंदलेल्या रुग्णांपैकी साधारण पाचातला एक आरोग्य कर्मचारी होता. व्हिएतनाममध्ये या आजाराची धोक्याची घंटा वाजवणारे डॉ. कार्लो उर्बानी २९ मार्चला त्याच आजाराने गेले.

म्हणूनच विमानतळावर ताप मोजणं, रुग्णाला वेगळं ठेवणं, संपर्कातल्या लोकांवर दहा दिवस नजर ठेवणं हे जुनेच उपाय तेव्हा लागू पडले. भारतात ३ रुग्णांची नोंद झाली आणि गोष्ट तिथेच थांबली. आपण फार काही थोर केलं म्हणून नव्हे. विषाणूच असा होता की ज्याला ताप नाही त्याच्याकडून फारसा धोका नव्हता.

कोविडने नेमकी इथेच बाजी उलटवली. एप्रिल २०२१ आठवा. घरोघरी सीटी व्हॅल्यूची तुलना चालली होती. आरटी-पीसीआर मशीन नमुन्यातला विषाणूचा अंश दर फेरीत दुप्पट करत जातं, आणि कितव्या फेरीला तो दिसू लागला तो आकडा म्हणजे सीटी. आकडा कमी म्हणजे विषाणू जास्त, साधारण तीन-साडेतीन अंकांमागे दहापट. एकाच घरातले रिपोर्ट आमच्याकडे असे यायचे: वडील नवव्या दिवशी ऑक्सिजनवर, एचआरसीटीचा (छातीच्या स्कॅनचा) स्कोअर बघून सगळे हादरलेले, आणि त्यांचा सीटी ३१. मुलगा कालपासून घसा खवखवतोय म्हणून सहज तपासणीला आलेला, ताप नाही, आणि त्याचा सीटी १६. या दोन आकड्यांत विषाणूचा फरक तीस हजार पटींहून जास्त. नातेवाईक विचारायचे, ‘डॉक्टर, बाबांचा ३१ म्हणजे सुधारणा ना?’ बाबांची तब्येत त्या आकड्यावरून कळत नव्हती. (स्वॅब नीट घेतला नसेल तर आकडा काहीही येतो, ही वेगळी रड.) कळत होतं ते एवढंच, की घराबाहेर पडलं तर जास्त धोका त्या मुलाकडून होता, आणि मुलगा बाबांसाठी रेमडेसिविर शोधत गावभर फिरत होता.

म्युनिकच्या डॉक्टरांना हे २०२० च्या सुरुवातीलाच दिसलं होतं. लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात घशातला विषाणू सार्सच्या मानाने हजार पटींहून जास्त, आणि नंतर तो उतरत जातो. त्याच वर्षीच्या एका अभ्यासाने अंदाज बांधला की सुमारे ४४ टक्के लागण लक्षणं सुरू व्हायच्या आधीच दिली जाते. नेमका आकडा ठिकाणागणिक कमी-जास्त निघाला, पण चित्र तेच राहिलं. याची पूर्वकल्पना कुणालाच नव्हती असंही नाही. सार्सनंतर लगेच, २००४ मध्ये, ख्रिस्तोफ फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवलं होतं की एखादी साथ विलगीकरणाने आटोक्यात येणार की नाही हे ठरवताना सरासरी लागणीच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो लक्षणांआधी होणाऱ्या लागणीचा वाटा. सार्समध्ये तो नगण्य होता. ताप मोजायची बंदूक घेऊन उभा राहिलेला माणूस २००३ मध्ये साथ अडवत होता. २०२० मध्ये त्याच बंदुकीसमोरून निम्मी साथ हसत-खेळत निघून गेली.

मग पुढचा प्रश्न, ही वेळ ठरते कशावरून? मुख्यतः विषाणू श्वसनमार्गात कुठे वाढतो यावरून. नाक-घशात वाढला तर बोलता-बोलता बाहेर पडतो. फुप्फुसाच्या तळाशी वाढला तर आजार भारी, पण बाहेर यायला वाट लांब.

मर्स हे याचं चांगलं उदाहरण, आणि त्यात आपल्या ओळखीचं एक नावही आहे. मर्सचा विषाणू पेशीत शिरताना डीपीपी-४ नावाच्या प्रथिनाला धरतो. तुमच्या घरात कुणी मधुमेहासाठी सिटाग्लिप्टिन किंवा व्हिल्डाग्लिप्टिन घेत असेल, तर ती गोळी काम करते ती याच प्रथिनावर. (त्या गोळीने मर्स अडत नाही. ती प्रथिनाच्या दुसऱ्या भागावर बसते, आणि हे प्रयोग करून पाहिलंय.) उंटाच्या नाकात डीपीपी-४ भरपूर असतं. म्हणून उंटाला मर्स म्हणजे सर्दी, आणि उंटाकडून उंटाला तो सहज लागतो. माणसात हे प्रथिन मुख्यतः खाली, फुप्फुसात. त्यामुळे माणसाला होतो तो न्यूमोनिया. निदानासाठीही नाकातला स्वॅब पुरत नाही, शक्यतो खोल खोकून काढलेला बेडका किंवा ब्रॉन्कोस्कोपीचं (नळी घालून फुप्फुसातून काढलेलं) पाणी लागतं. आजवर नोंदलेल्या २,६०० हून जास्त रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून जास्त दगावले, पण एका रुग्णामागे नव्या रुग्णांची सरासरी एकाच्या खालीच राहिली. साखळी आपोआप तुटते. दरवर्षी लाखो हज यात्रेकरू सौदीत जमतात, तरी तिथून मर्सची मोठी साथ उठलेली नाही, ते यामुळे.

पण सरासरी एकाच्या खाली म्हणजे निर्धास्त राहावं असं नाही. २०१५ मध्ये आखाती देशांतून परतलेल्या एका माणसापासून दक्षिण कोरियात १८६ जणांना मर्स झाला आणि ३८ जण गेले. त्यातल्या ८२ जणांना एकाच रुग्णाकडून लागण झाली, सोलच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात, तीन दिवसांत. विषाणूत काही मोठा बदल नव्हता. खाटा भरलेल्या, पेशंट तासन्‌तास पॅसेजमध्ये, प्रत्येकाबरोबर नातेवाईक, आणि एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात जाणारे रुग्ण. हे वर्णन वाचताना आपल्याकडचं कुठलं हॉस्पिटल डोळ्यांसमोर आलं ते सांगू नका. आखातात नोकरीला असलेले किंवा उमराहला जाणारे आपले लोक खूप आहेत. त्यांना, विशेषतः मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल तर, मी दोनच गोष्टी सांगतो. उंटांपासून लांब राहा, उंटाचं कच्चं दूध पिऊ नका. आणि परतल्यावर चौदा दिवसांत ताप-खोकला आला, तर डॉक्टरांना प्रवासाचं आधी सांगा.

आता दाराबद्दल. सार्स आणि कोविड दोघेही एसीई-२ या प्रथिनाला धरून शिरतात. म्हणून काही जण म्हणतात, एसीई-२ धरणारा विषाणू म्हणजे घातक. तसं नाही. एनएल६३ नावाचा एक साधा सर्दीचा कोरोना आहे, २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये एका बाळात सापडलेला. तोही एसीई-२ च वापरतो. तुम्हा-आम्हाला तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, पुन्हा-पुन्हा होतो, आणि आपण त्याला नावही विचारत नाही.

दार सापडणं वेगळं आणि ते नीट धरता येणं वेगळं. सार्स पहिल्यांदा आटोपल्यावर २००३-०४ च्या हिवाळ्यात ग्वांगझूमध्ये पुन्हा चार रुग्ण सापडले. त्यांतली एक जण उदमांजराच्या जातीचे प्राणी खायला मिळणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये वाढपी होती. जगाने श्वास रोखला. पण चौघेही बरे झाले आणि त्यांच्याकडून पुढे कुणालाच लागण झाली नाही. नंतर तपासलं तर हा विषाणू थेट प्राण्यांकडून आलेला, माणसात अजून न मुरलेला. माणसाच्या एसीई-२ शी भिडणाऱ्या त्याच्या स्पाइकमध्ये, म्हणजे विषाणूच्या अंगावरच्या काट्यासारख्या प्रथिनात, नेमक्या जागचं अमिनो आम्ल वेगळं होतं, त्यामुळे पकड ढिली. एवढ्याशा फरकाने एक विषाणू हजारो लोकांपर्यंत जातो आणि दुसरा चौघांवर थांबतो. या प्रकरणाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, पण साथी का होतात यापेक्षा साथी बहुतेक वेळा का होत नाहीत हे समजायला मला ते फार उपयोगी वाटतं.

कोविडच्या विषाणूकडे सार्सपेक्षा घट्ट पकड होती, आणि वर फ्युरिनची सोय. स्पाइक दोन ठिकाणी कापला जावा लागतो, तेव्हाच विषाणू पेशीच्या आत शिरतो. सार्सच्या स्पाइकचे दोन्ही काप नव्या पेशीच्या दाराशी व्हायचे. कोविडच्या स्पाइकमध्ये एक छोटा जास्तीचा तुकडा आहे, तो आपल्याच पेशीतलं फ्युरिन हे एन्झाइम ओळखतं आणि विषाणू बाहेर पडण्याआधीच पहिला काप देऊन ठेवतं. नारळ घरूनच सोलून आणावा तसं, दाराशी फक्त फोडायचा बाकी. फोडण्याचं काम करणारं टीएमपीआरएसएस-२ हे एन्झाइम नाका-घशाच्या पेशींवर असतंच. हा तुकडा काढून टाकलेला विषाणू फेरेट या प्राण्यांत सोडून पाहिला, तर तो एका फेरेटकडून शेजारच्याला जाईनासा झाला. गंमत म्हणजे लॅबमध्ये माकडाच्या किडनीच्या व्हेरो पेशींवर हाच विषाणू वाढवत राहिलं, तर तो हा तुकडा आपणहून टाकून देतो, कारण तिथे त्याचा उपयोग नसतो. त्यामुळे वाढवलेला विषाणू मूळचाच आहे ना, हे सीक्वेन्सिंग करून सारखं तपासावं लागतं.

पण फ्युरिनलाही एकट्याला श्रेय देऊ नका. मर्सच्या स्पाइकमध्येही फ्युरिनची जागा आहे, आणि तो तरी कुठे पसरला?

कोविडचे पुढचे अवतार याच दोन-तीन कळा फिरवत आले. २०२१ च्या सुरुवातीला अमरावती आणि विदर्भात रुग्ण अचानक वाढले तेव्हा बी.१.६१७ हे कुळ महाराष्ट्रात पसरत होतं. त्याचीच एक शाखा पुढे डेल्टा ठरली. तिच्यात फ्युरिनच्या जागेशेजारीच बदल होता आणि स्पाइक आणखी सहज कापला जात होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वानातून कळलेला ओमिक्रॉन वेगळ्या वाटेने गेला. टीएमपीआरएसएस-२ शिवाय त्याचं फार अडेना. हाँगकाँगच्या प्रयोगशाळेत तो श्वासनलिकांच्या ऊतींमध्ये पहिल्या दिवसात डेल्टाच्या सत्तर पट वाढला, फुप्फुसाच्या ऊतीत मात्र कमी. विषाणू खालून वर सरकला. त्यातच लस आणि आधीच्या लागणीतून आलेल्या अँटिबॉडींना त्याने चकवलं. ओमिक्रॉनच्या वेगातला बराच वाटा या चकवण्याचा आहे, निव्वळ चपळाईचा नाही, हे लिहिताना बरेच जण विसरतात.

हे सगळं विषाणूकडून. पण प्रसार हा विषाणूचा एकट्याचा गुण नाही, तो जागेचाही असतो. २००३ मध्ये सिंगापूरच्या सुमारे ८१ टक्के सार्स रुग्णांनी पुढे कुणालाही लागण दिली नाही, बाकीच्या मोजक्यांनी साथ चालवली. कोविडही असाच गठ्ठ्यांनी पसरला. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या इमारतींत तीनशेहून जास्त लोकांना सार्स झाला, तो लिफ्टमुळे नव्हे. जुलाब होणारा एक रुग्ण तिथे येऊन गेला होता, बाथरूमचे नहाणी ट्रॅप पाणी न पडल्याने कोरडे पडले होते, आणि एग्झॉस्ट फॅन सांडपाण्याच्या पाइपमधली हवा घरात ओढत होते. मुंबईत जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर यांनी तीन वॉर्डांत अँटिबॉडी तपासल्या. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली, इमारतींत १६ टक्के. विषाणू तोच, शहर तेच, महिना तोच. फरक एका खोलीतल्या माणसांचा आणि सार्वजनिक संडासाच्या रांगेचा.

आता बातम्यांकडे. फेब्रुवारी २०२५ मध्ये वुहानच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की वटवाघळांतला एचकेयू५ जातीचा एक विषाणू, मर्सचा नातेवाईक, माणसाचं एसीई-२ वापरू शकतो. मथळे अपेक्षेप्रमाणे आले. त्याच शोधनिबंधात त्याची पकड कोविडच्या विषाणूपेक्षा बरीच ढिली असल्याचंही लिहिलं होतं, ते आठव्या ओळीत गेलं. प्रयोगशाळेतल्या पेशीत शिरता येणं ही पहिली पायरी. नाकात वाढता येणं, शेजारच्यापर्यंत जिवंत पोचणं, आणि हे सगळं माणूस आजारी दिसायच्या आत करणं, या पायऱ्या त्यानंतरच्या. ग्वांगझूचा विषाणू माणसापर्यंत पोचूनही पुढे सरकू शकला नव्हता. असे विषाणू वटवाघळांत शोधत राहणं गरजेचंच आहे. आपल्या पुण्याच्या एनआयव्हीनेही (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) केरळ, तमिळनाडू आणि इतर राज्यांतल्या वटवाघळांत कोरोना विषाणू शोधून नोंदवले आहेत. सापडणं ही भीतीची बातमी नाही.

म्हणून अशी बातमी आली की कुठल्या प्राण्यात सापडला आणि कुठलं दार वापरतो, हे मी वाचतो आणि पुढे जातो. मी शोधतो ते वेगळंच: ज्यांनी त्या प्राण्याला कधी हातही लावला नाही अशा घरच्यांना किंवा वॉर्डातल्या नर्सला तो झाला का? आणि झाला असेल तर ज्याच्याकडून झाला, त्याला त्या दिवशी ताप होता की नव्हता?